गो-कार्टला डिफरेन्शियल नसतं, म्हणून गाडीलाही नको?

डिफरेन्शियलबद्दल, म्हणजे मागच्या दोन चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याबद्दल, गाडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक फॉरवर्ड माझ्याकडे तीनदा आला आणि तीनदा मी गप्प बसलो. चौथ्यांदा तो आक्कानं पाठवला. खाली लिहिलेलं, "पिंट्या विचारतोय, हे खरं हाय काय?" पिंट्या म्हणजे तिचा पोरगा, माझा भाचा. सध्या इंग्लंडात असतो. तिथं त्यानं जुनी माझदा एमएक्स-५ घेतलीय, दोन सीटची, १.६ इंजिनची. कोल्हापुरात जन्मलेलं हे ज्ञान आईच्या फोनवरून तिकडं पोचलं आणि रात्री त्याचा थेट मेसेज आला: "मामा, डिफरेन्शियलला वेल्ड मारून टाकू काय? दोन तासांचं काम हाय म्हणं."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी गिअर कापायची शेड आहे. डोकं फिरणारच.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. स्पोर्ट्स कारला लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एलएसडी, बसवलं की गाडी घसरतच नाही. सगळे एलएसडी सारखेच, मिळेल ते घ्या. रविवारी बसवून होतं. ऑईल कुठलंही ९० नंबर चालतं. आणि पैसे नसतील तर आहे त्याच डिफरेन्शियलच्या आतले गिअर वेल्ड करून टाका, परिणाम तोच. वर पुरावा काय, तर "गो-कार्टला कुठं डिफरेन्शियल असतंय? तरी पोरं रेस मारत्यात न्हवं?"

वेल्डिंगपासून सुरू करतो, कारण बाकीच्या चुकांनी खिसा कापला जातो, या चुकीनं माणूस जाईल.

उसाची बैलगाडी बघा. तिची दोन्ही चाकं आखावर मोकळी फिरतात. गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी, आणि बैलांना त्रास होत नाही. मोटारीत मागची दोन्ही चाकं इंजिनानं ओढायची असतात, म्हणून ती मोकळी सोडता येत नाहीत. हा तिढा पेकर नावाच्या फ्रेंच माणसानं १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी सोडवला. आपलं डिफरेन्शियल ते हेच. चाकं फिरवतंही आणि त्यांना वेगवेगळं फिरूही देतं.

आता हिशेब. एमएक्स-५ च्या मागच्या दोन चाकांत साधारण १.४ मीटर अंतर आहे. गाडी काटकोनात वळली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त जातं. वळण मोठं असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. यू टर्न मारला की ४.४ मीटर. वेल्ड मारलं की दोन्ही चाकांना सारखंच फिरावं लागणार, मग हे सव्वादोन मीटर कुठं जातात? टायर रस्त्यावर घासत फरफटतो, नाहीतर चाकाला फिरवणारा शाफ्ट पीळ खातो. कोरड्या रस्त्यावर गाडी वळायला कुरकुरते आणि सरळ जाऊ बघते. ओल्या रस्त्यावर मागची दोन्ही चाकं एकदमच पकड सोडतात. इंग्लंडात रस्ता कोरडा किती दिवस असतो हे पिंट्यानंच मला सांगितलंय.

आणि वेल्ड कशावर मारणार? आतले गिअर वरून कडक केलेले असतात. त्यावर वेल्डिंगची आच लागली की शेजारचा भाग ठिसूळ होतो. कधीतरी टवका उडतो आणि ऑईलमधून क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे डिफरेन्शियलला फिरवणाऱ्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीच्या, दातांत जातो. तो तिथं अडकला की चालत्या गाडीची मागची दोन्ही चाकं जागेवर थांबू शकतात. माझ्या शेडला एक जुनी जीप आली होती, अशीच वेल्ड मारलेली. मालक म्हणाला, शेतातल्या चिखलात जबरदस्त चालते. चालतच असणार, चिखलात चाक घसरायला जागा असते. डांबरावर आल्यावर तिचा एक्सल शाफ्ट पिळवटून तुटला होता. तुटकं टोक अजून माझ्या टेबलावर आहे, कागद दाबायला.

आता तो कार्टचा पुरावा. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच पोरं फसतात. कार्टला डिफरेन्शियल नसतंच, मागं एकच सलग एक्सल असतो. कोल्हापूरच्या पोरांनी कार्टिंगमध्ये नाव काढलंय, तेव्हा ट्रॅकवर जाऊन कुणालाही विचारा, कार्ट वळते कशी. स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या तिरक्या बसवणीमुळं पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, फ्रेम पिळते आणि मागचं आतलं चाक जमिनीवरून उचललं जातं किंवा त्यावरचा भार जवळजवळ निघून जातो. म्हणजे ऐन वळणात कार्ट तीन चाकांवर असते. तिला सस्पेन्शन नसतं, म्हणून हे जमतं. एमएक्स-५ ला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, आणि ते चाक जमिनीला चिकटवून ठेवायलाच दिलंय. कार्टचं औषध तिला देऊन कसं चालेल? बंद ट्रॅकवर ड्रिफ्ट मारणारे वेल्ड केलेलं डिफरेन्शियल वापरतात, मान्य. त्यांना गाडी आडवीच करायची असते. पिंट्याला ऑफिसला जायचंय.

"गाडी घसरतच नाही" हा पुढचा विनोद. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळं एक चाक वाळूवर गेलं की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो. फर्डिनांड पोर्शेच्या ऑटो युनियन रेसगाडीचं एक चाक ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगातही नुसतं फिरायचं, म्हणून १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून त्यावर उपाय करून घेतला. वळणातून बाहेर पडताना जोर वाया जाऊ नये, एवढंच एलएसडीचं काम. पकड टायरची असते, ती एलएसडी वाढवत नाही. उलट साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक वेडं फिरतं तेव्हा दुसरं गाडीचं मागचं अंग धरून ठेवतं. एलएसडीत जास्त ॲक्सिलरेटर दिला तर दोन्ही एकदम सुटू शकतात.

सगळे एलएसडी सारखे? ग्लीसन कंपनीच्या इंजिनिअरनं टोर्सन नावाच्या एलएसडीवर १९८८ साली ब्रिटनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सकडे एक निबंध मांडला होता. त्याची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे, कुणालाही दाखवीन. टोर्सन निव्वळ गिअरवर चालतं. कमी पकडीचं चाक जेवढा जोर पेलतं, त्याच्या ठरावीक पटीत ते दुसऱ्याला देतं. पट तीनची धरली तर इकडं १०० पेलले की तिकडं ३०० पर्यंत. पण चाक हवेत गेलं की इकडं शून्य, आणि शून्याची तिप्पट शून्यच. प्लेटवाल्या एलएसडीत प्लेटा आधीच दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळं तिथंही थोडा जोर मिळतो, पण प्लेटा झिजतात. तिसरा व्हिस्कस. त्यात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं आणि वय झालं की ते दमतं. २०२० च्या थारच्या काही मॉडेलांत मागच्या एक्सलला आलं ते एलएसडी नव्हेच, ते कमी वेगात लॉक होणारं वेगळं यंत्र आहे. दोन्हींना एकच नाव देणाऱ्यानं यातलं एकही उघडून बघितलेलं नाही.

रविवारचं काम? पिंट्याच्या १.६ ला आतून लहान डिफरेन्शियल आहे. १९९४ च्या १.८ पासून मोठं आलं आणि त्यातल्या काही गाड्यांना टोर्सन मिळालं. ते १.६ मध्ये बसतं, पण सोबत १.८ चा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागं येणारा दांडा, आणि दोन्हीकडचे एक्सल शाफ्ट घ्यावे लागतात. अख्खा संच घेतला तर क्राऊन-पिनियनला हात लावायचा नाही. आहे त्याच डिफरेन्शियलच्या घरात नुसतं आतलं यंत्र बदललं तर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, लावावा लागतो, दातांवर निळा लावून मार्किंग बघावं लागतं, आणि ते पहिल्यांदा करणाऱ्याचं डिफरेन्शियल पुढं वर्षभर कण्हत राहतं. आणि बसवण्याआधी विमा कंपनीला कळवायचं.

ऑईलचं मात्र नाइलाजानं मान्य करतो. टोर्सनला जीएल-५ दर्जाचं ९० नंबर चालतं. प्लेटवाल्याला नाही, त्यात वेगळं ॲडिटिव्ह लागतं, नाहीतर वळताना मागून कटकट ऐकू येते.

पिंट्याला हे सगळं फोनवर सांगितलं आणि म्हटलं, आधी मागच्या टायरचे फोटो पाठव. आले. डावा एका कंपनीचा, उजवा दुसऱ्या, आणि उजव्याची नक्षी जवळजवळ गेलेली. "चौकात आतलं चाक फिरतंय" ही त्याची मूळ तक्रार. म्हटलं, कुठलं चाक, डावं का उजवं? थोडा वेळ थांबून उत्तर आलं: "उजवंच की, मामा."