'घरबसल्या बायका' म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

परवा मी एका कादंबरीवर लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "१८९५ सालची कोकणातली डॉक्टरीण प्रेमात पडते, ही घरबसल्या बायकांची करमणूक. तेव्हा शिकणाऱ्या बाईला प्रेमाला वेळ होता कुठे?" शिवाय आषाढात मुंबईहून हर्णैला बोट कशी आली, औषधांची नावं चुकलीत, शेवट रेंगाळलाय, असंही बरंच.

बोटीचं मान्य. पावसाळ्यात बोटी बंद असत, हर्णैची असून माझ्या लक्षात यायला हवं होतं. औषधं आणि शेवट यांत मी शिरत नाही.

पण 'घरबसल्या बायका'? मी एकवीस वर्षं शाळेत शिकवलंय. आणि घरी बसले असते, तरी तुम्ही असं बोलायचं काय कारण?

माझी पणजी घरातच बसलेली होती. तिसऱ्या खेपेला अडली तेव्हा दापोलीहून डॉक्टर बैलगाडीने आले, पण पुरुष म्हणून त्यांना ओटीवरच बसवलं. ते तिथून विचारत आणि पणजीची सासू माजघरात जाऊन उत्तर घेऊन येई. पहाटे पणजी गेली, मूलही गेलं. डॉक्टरांनी तिची नाडीसुद्धा पाहिली नव्हती. माझी आजी तेव्हा सहा वर्षांची. उशाशी सुईणीने ठेवलेली तेलाची वाटी तिला शेवटपर्यंत आठवत होती. डॉक्टरीण अशा घरांना हवी होती, साहेब.

आणि प्रेमाला वेळ नव्हता म्हणता? रखमाबाईंचा खटला कधी वाचलाय? लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, एवढ्यासाठी १८८४ पासून त्या कोर्टात होत्या. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. बाई कैदेला तयार झाल्या! पुढे लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. कोणाबरोबर राहायचं ते मी ठरवीन, हा हट्ट आणि डॉक्टरकी एकाच बाईची आहे. तो हट्ट कादंबरीत आला की मात्र तुम्हाला करमणूक वाटते.

इकडचंच सांगते. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, तर गावाने त्यांना वाळीत टाकलं. कोणी कोणाशी संसार करावा यावर गावंच्या गावं पेटत होती त्या काळात.

बोटीची दुरुस्ती आज रात्री लेखात करते. तुम्हीही 'घरबसल्या' तेवढं काढून टाका.