‘दहाही कॉलेजं नामांकितच टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात एक मेसेज शाळेच्या, सोसायटीच्या, माहेरच्या सगळ्या ग्रुपांवर फिरायला लागतो. मजकूर दरवर्षी थोडाफार बदलतो, सल्ला तोच. अकरावीच्या फॉर्ममध्ये दहाही पसंत्या नामांकित कॉलेजांच्याच द्या. खाली एखादं साधं कॉलेज टाकलंत तर सिस्टीम तेच गळ्यात मारते. पहिल्या यादीत नाव लागलं तरी घाई करू नका, पुढे कट-ऑफ पडतोच. कोटा म्हणजे पैसेवाल्यांचं काम. आणि जेईई-नीट करायची असेल तर कॉलेज नावापुरतं, कुठलंही चालतं. शेवटी जोडलेले हात आणि ‘गरजू पालकांपर्यंत पोहोचवा’.

मी मुलुंडला दहावीच्या वर्गाला शिकवते. जूनमध्ये हा मेसेज मोबाइलवर उघडून दाखवत पालक माझ्यासमोर बसतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त नुकसान ‘गळ्यात मारते’ या समजुतीने होतं. प्रत्यक्षात कॉम्प्युटर गुणवत्ता यादी वरून वाचत येतो. ज्याचे गुण जास्त, त्याची पाळी आधी. तुमच्या मुलीची पाळी आली की तो तिची यादी वरून खाली बघतो. पहिल्या कॉलेजात तिच्या प्रवर्गाची जागा उरली आहे का? नाही. दुसऱ्या? नाही. जिथे पहिली जागा सापडेल तिथे तो थांबतो. म्हणजे दहाव्या क्रमांकावरचं कॉलेज तिला कधी मिळतं, तर वरची नऊ तिची पाळी येण्याआधीच भरलेली असतात तेव्हा. खालचं कॉलेज वरच्याची वाट अडवूच शकत नाही. ‘आम्हाला तिसरी पसंती दिली’ म्हणून कॉलेजही रुसत नाही, पसंतीक्रमाला तिथे वेगळे गुण नसतात.

मग दहाही मोठी टाकल्याने काय होतं? एका मुलीला पाचशेपैकी ४४२ गुण होते. बाबांनी चर्चगेट ते पार्ले असा दहा कॉलेजांचा हार ओवलेला, आणि त्या प्रत्येकाचा आदल्या वर्षीचा कट-ऑफ ४५५ च्या वर. पहिल्या यादीत काही नाही, दुसरीतही नाही. तोवर घराजवळच्या ज्या कॉलेजात ती पहिल्या फेरीत सहज बसली असती, तिथल्या जागा भरत आल्या होत्या. स्वप्नातली चार-पाच कॉलेजं वर खुशाल ठेवा. मध्ये आपल्या गुणांच्या आसपासची तीन-चार आणि तळाला दोन अशी, जी नक्की मिळतील आणि मिळाली तर घरात कुणाचं तोंड वाकडं होणार नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. जिथे जायचंच नाही ते कॉलेज तळालाही टाकू नये.

पहिल्या यादीवर थांबायचं की नाही, हा प्रश्न जरा सावध उत्तराचा आहे. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं कॉलेज मिळालं असेल तर पुढच्या फेरीची वाट बघता येते, पण हातातली जागा सोडून. पहिल्या पसंतीचं मिळालं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं आणि सगळ्यांसाठी खुली फेरी येईपर्यंत बसून राहावं लागतं. २०२५ मध्ये ही ऑनलाइन प्रक्रिया मुंबई-पुण्यापुरती न राहता राज्यभर लागू झाली, तेव्हाही हा नियम होता. हा मेसेज पाठवणाऱ्याने तो वाचला असेल असं वाटत नाही. आणि ‘कट-ऑफ पडतोच’ हेही तितकंसं खरं नाही. मागणी असलेल्या कॉलेजात पहिल्या यादीनंतर मोजक्याच जागा उरतात, आणि त्यांवर वाट बघत थांबलेली चांगल्या गुणांची मुलं पुन्हा तुटून पडतात. अशा वेळी दुसरी यादी पहिलीपेक्षा वरही चढते.

कोट्याबद्दल मात्र मेसेज नुसता चुकीचा नाही, तो मुलांची हक्काची दारं बंद करतो. व्यवस्थापन कोटा, म्हणजे संस्थाचालकांच्या हातातल्या जागा, ५ टक्के. बाकीचे दोन कोटे पैशांचे नाहीतच. इनहाउस १० टक्के, म्हणजे तुमची शाळा आणि ज्युनियर कॉलेज एकाच संस्थेचं असेल तर. अल्पसंख्याक संस्थेत त्या समाजासाठी ५० टक्के. झेवियर्स ख्रिश्चन, जय हिंद आणि के. सी. सिंधी, मिठीबाई गुजराती भाषक अशी ही कॉलेजं आहेत. समजा तिथे एका तुकडीत १२० जागा आहेत. ६० अल्पसंख्याक, १२ इनहाउस, ६ व्यवस्थापन. सगळ्या मुंबईसाठी ऑनलाइन यादीत सुरुवातीला उरल्या ४२. तिथला कट-ऑफ डोळे पांढरे करतो त्याचं मोठं कारण हे. कोट्यातल्या न भरलेल्या जागा कॉलेजं पुढे मोकळ्या करतात, पण त्या भरवशावर यादी बांधू नका.

जेईई-नीटवाल्यांसाठी थोडक्यात. आयआयटी-एनआयटीला रँकबरोबर बारावीलाही ७५ टक्के लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. एससी-एसटीसाठी टक्क्यांची अट ६५ ची. फिजिक्स-केमिस्ट्रीत शंभरातले ३० गुण प्रॅक्टिकलचे, ते क्लासच्या एसी वर्गात मिळत नाहीत. क्लासशी ‘टाय-अप’ करून हजेरी कागदावर भरण्याचा प्रकार इतका वाढला होता की २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. कॉलेज कुठलंही चालत असेल, पण प्रयोगशाळा चालू असलेलं हवं.

मोठ्या कॉलेजाच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो या मेसेजात नेमका नाही. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला मुंबई विद्यापीठाची कॉलेजं आपल्या ज्युनियर कॉलेजच्या मुलांना आधी घेतात. ज्या मुलीला पुढे रुईयातच बी.ए. करायचं आहे, तिने अकरावीलाच रुईयासाठी जीव टाकण्यात अर्थ आहे. इंजिनीअरिंग आणि मेडिकलला जाणाऱ्यांना हा फायदा नाही, तिथे अकरावीचं कॉलेज कुणी विचारत नाही.

आता फॉर्मवर बसण्याआधी करायच्या गोष्टी. एकाच कॉलेजाचे दोन-तीन कोड असतात: अनुदानित वेगळा, विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित वेगळा. नाव तेच, फी कितीतरी पट. कोड वाचून टाका. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं बायफोकल (नेहमीच्या विषयांऐवजी घ्यायचा व्यावसायिक विषय), आर्ट्सला मानसशास्त्र, कॉमर्सला गणित सगळीकडे असतंच असं नाही.

आणि प्रवास. बदलापूरहून पार्ल्याला जायचं तर दादरला गाडी बदला किंवा घाटकोपरला मेट्रो धरा. सकाळी सातचं लेक्चर असेल तर पोरगं पाचच्या आधी घराबाहेर. नाव मोठं मिळालं म्हणून पालक खूश, आणि दिवाळीनंतर मुलगा फक्त प्रॅक्टिकलला जातोय, असं मी बरेचदा बघितलंय. त्यामुळे तळाच्या दोन पसंत्यांच्या कॉलेजात फॉर्म भरण्याआधी एकदा मुलाला घेऊन जा, कॉलेजच्या वेळेलाच, गर्दीच्या गाडीने. ऑफिसात सत्र सकाळचं की दुपारचं आणि बायफोकलला जागा किती, हे विचारा. लॅब बघू देतात का तेही.