कानाला दडा बसला, आत शिट्टी वाजतेय, आणि आठवडा गेला थेंबांत

सकाळी उठल्यावर एका कानाला दडा बसलाय आणि आत बारीक शिट्टी वाजतेय, म्हणजे मळ नाहीतर सर्दी. हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं असतं की तेल, थेंब आणि वाफ यांत आठवडा सहज निघून जातो. आणि खरी अडचण आतल्या कानात असेल, तर नेमका तोच आठवडा महत्त्वाचा असतो.

घरच्या घरी एवढं करून बघा. तोंड मिटून 'म्म्म' असा लांब हुंकार काढा. तो दडा बसलेल्या कानात मोठा वाटला, तर अडथळा बहुधा मळाचा किंवा मधल्या कानातला. चांगल्या कानात मोठा वाटला, तर आतला कान किंवा नस बिघडल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. हीच गोष्ट ते ५१२ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने पक्की करतात, मग ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या सुराला किती ऐकू येतं याचा आलेख. ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त घट, हा आतल्या कानाला अचानक आलेल्या बहिरेपणाचा निकष. त्यावर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सहसा वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसाला कमाल ६० मिलिग्रॅम, असं १० ते १४ दिवस देऊन मग उतरवत आणतात. पहिल्या दोन आठवड्यांतच त्याचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. (मनाने घ्यायची ही गोळी नव्हे. मधुमेह असेल तर साखर भडकते. तेव्हा कानाच्या पडद्यातून डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन हा पर्याय असतो.) स्टिरॉइडचा पुरावा निर्विवाद नाही, काही कान आपोआपही सुधारतात. पण कुणाचा सुधारणार हे आधी कळत नाही, म्हणून थांबून बघण्याच्या मी विरोधात आहे. नसेवर गाठ नाही ना, यासाठी एमआरआयही करायचा.

आता शिट्टीबद्दल. ती कानात 'वाजत' नसते. आतल्या कानातल्या केशपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) बंद पडल्या की त्या सुरांच्या पट्ट्यातला संदेश मेंदूकडे जाणं थांबतं. मेंदूच्या खोडातली श्रवणकेंद्रं मग स्वतःची संवेदनशीलता वाढवतात, त्यांना आवरणारे संदेश कमी पडतात आणि तिथल्या पेशी बाहेर काही नसताना धडधडत राहतात. म्हणूनच शिट्टीचा सूर बहुधा ऐकू न येणाऱ्या पट्ट्यातच सापडतो. श्रवणाची नस कापल्यावरही अनेकांची शिट्टी तशीच राहते. धडधाकट लोकांच्या एका कानात काही दिवस बोळा बसवला, तर त्यांतल्या बहुतेकांना असे आवाज येऊ लागतात आणि बोळा काढला की जातात. जबडा दाबला की काहींची शिट्टी बदलते, कारण जबड्याच्या नसा याच केंद्रांत येऊन मिळतात.

ती टिकते का, याचं उत्तर मात्र फक्त कानात नाही. मोजलं तर ती बऱ्याचदा ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा पाच-दहा डेसिबलच वर असते. मेंदूने एकदा तिच्यावर 'धोका' असा शिक्का मारला की लक्ष सारखं तिकडे जातं, झोप उडते, आणि झोप उडाली की ती आणखी टोचते.

"सवय करून घ्या" हा सल्ला मला अर्धवट वाटतो, कारण ती कशी करायची हे कुणी सांगत नाही. पहिलं म्हणजे शांतता टाळायची. रात्री पंखा किंवा पावसाचा आवाज असू द्या, पण शिट्टीपेक्षा जरा हळूच. ती पूर्ण बुडवली तर मेंदूला तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकताच येत नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लवकर लावा, हरवलेला आवाज परत मिळाला की मेंदूचं ताणणं कमी होतं. घाबरून दिवसभर कानात बोळे घालणं म्हणजे वर सांगितलेला प्रयोग स्वतःवरच करणं. ते फक्त मोठ्या आवाजाच्या ठिकाणी वापरा. त्रासाची धार कमी करायला संज्ञानात्मक वर्तन उपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन, सीबीटी) उपयोगी पडतात. जिंकगो या वनस्पतीच्या वगैरे गोळ्यांवर पैसे घालवू नका.

एक कान पूर्ण गेला असेल, तर कॉक्लियर इम्प्लांटने (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेल्या, नसेला थेट संदेश देणाऱ्या यंत्राने) बऱ्याच जणांची शिट्टीही कमी होते, हे विचारायला विसरू नका. आणि ऑडिओग्राम उपचार संपल्यावर व सहा महिन्यांच्या आत पुन्हा काढायचा. शिट्टी नाडीच्या ठेक्यावर वाजत असेल, तर मामला वेगळा, रक्तवाहिन्यांची तपासणी लागते.