अठरा फाइली आणि एक 'प्रस'

परवा रात्री साडेअकरा वाजता मी अठरा मुखपृष्ठे एक्सपोर्ट केली आणि फोल्डर उघडले, तर आत एकच फाइल होती. अठराविश्वे दारिद्र्य हा शब्दप्रयोग आजवर नुसता ऐकून होतो; त्या रात्री तो डोळ्यांनी पाहिला.

रंग तीन, ठेवण आडवी आणि उभी अशी दोन, आकार तीन, म्हणून आवृत्त्या अठरा. ग्राहकाच्या कार्यालयाने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे नावे 'वार्षिक-अहवाल-मुखपृष्ठ-प्रस्ताव-निळा-आडवा-मोठा' या थाटाची होती. माझ्या सॉफ्टवेअरची एक्सपोर्टची खिडकी मात्र ३१ चिन्हांपलीकडचे नाव मानत नाही. त्यातल्या चार जागा टिंब आणि विस्तार, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची तीन अक्षरे, यांनी घेतल्या, उरलेल्या २७ संपताच कात्री चालली, आणि प्रत्येक फाइल 'वार्षिक-अहवाल-मुखपृष्ठ-प्रस' हे एकच नाव लावून आधीच्या फाइलच्या उरावर बसली. 'या नावाची फाइल आधीपासून आहे, बदलायची का?' असे मला विचारण्यात आले होते आणि मी पेंगुळल्या हाताने 'सर्वांसाठी होय' दाबले होते, हे मान्य करतो. 'प्रस' वरून प्रस्ताव ओळखावा, प्रसाद की प्रसिद्धी, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्यापुरता तो प्रसंगच होता.

हे नाव बोटांवर मोजून पाहणाऱ्याला २७ चा हिशेब पटणार नाही. 'वार्षिक' या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. संगणक मात्र काना, रफाराचा र, त्याचा हलन्त आणि वेलांटी असे सगळे सुटे करून सात मोजतो. 'मुखपृष्ठ' आपल्या लेखी चार, त्याच्या लेखी आठ. बाराखडी शिकवणाऱ्या गुरुजींनी जे जोडून दिले, ते हा उसवून प्रत्येक टाक्याचे भाडे लावतो.

मर्यादा असण्याबद्दल माझी तक्रार नाही. डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या काळी नावाला आठ अक्षरे आणि विस्ताराला तीन मिळत, आणि लोक तेवढ्यात भागवत. १९८५ साली ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावर आलेल्या फाइल-व्यवस्थेत ३१ ची मुभा होती. १९९८ मध्ये तिच्या पुढच्या पिढीने ती २५५ वर नेली. विंडोजनेही १९९५ सालीच लांब नावांना दार उघडले, जरी तिथे फोल्डरांसकट सगळा पत्ता २६० मध्ये बसवण्याची जुनी अट पुढेही अनेकांना नडत राहिली, आणि त्यातलीही शेवटची एक जागा डोळ्यांना न दिसणाऱ्या समाप्तिचिन्हासाठी राखीव असते. हे सारे होऊन इतकी वर्षे लोटल्यावरही दरमहा भाडे वसूल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात ३१ चा आकडा ठाण मांडून बसतो, तेव्हा मला ती जुन्या यंत्रांविषयीची आस्था वाटत नाही. तो कोपरा कोणी झाडलेला नाही, एवढेच मला दिसते. निदान नाव तोडताना तोंडाने सांगावे, तर तेही नाही.

सकाळी मी ग्राहकाच्या कार्यालयातील समन्वयक गृहस्थांना फोन केला आणि नाव थोडे लहान करता येईल का, असे नम्रपणे विचारले.

"अवश्य," ते म्हणाले. "कोणता शब्द काढता?"

"'वार्षिक' काढू का? आपल्याकडे दुसरा कोणता अहवाल निघतो?"

"निघत नाही. पण उद्या निघाला तर?"

"मग 'मुखपृष्ठ' ऐवजी नुसते 'मुख' लिहू?"

"मुख म्हणजे चेहरा. साहेबांचे छायाचित्र आत असेल, असा समज होईल."

"'प्रस्ताव' तरी वगळू या."

"मंजुरी मिळेपर्यंत तो प्रस्तावच आहे ना?"

"आणि मंजुरी मिळाल्यावर?"

"मग 'प्रस्ताव-मंजूर' असे लिहायचे."

मी शेवटचा उपाय म्हणून रंग, ठेवण आणि आकार नावाच्या आरंभी आणण्याची परवानगी मागितली, म्हणजे कात्री चालली तरी ती निरुपद्रवी शेपटीवर चालेल. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. क्रमाविषयीचे परिपत्रक निघालेले असून ते त्यांनी स्वतःच काढलेले आहे, तेव्हा ते बदलण्याचा अधिकार त्यांना नाही, असे त्यांनी मला खेदाने कळवले. मग आवाजात एकदम उत्साह आणून ते म्हणाले, "असे करा ना, चित्र थोडे लहान करून बघा. म्हणजे नावाला जागा होईल."

यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा 'बघतो' म्हणालो असेन. लाज याची वाटते की फोन ठेवल्यावर क्षणभर माझा हात खरोखरच चित्राच्या कोपऱ्याकडे गेला होता.

अखेर मी फाइलींना १ ते १८ असे क्रमांक दिले, त्या पुन्हा एक्सपोर्ट केल्या, फोल्डरमध्ये अठराच आहेत हे दोनदा मोजले, आणि कोणत्या क्रमांकाचे पूर्ण नाव काय, याची यादी 'यादी' या नावाने सोबत जोडली. दुपारी समन्वयकांचे उत्तर आले. अठरा फाइली मिळाल्या, परंतु त्या कशाच्या आहेत याचा बोध होत नाही. सोबत आणखी एक फाइल आलेली दिसते. तथापि तिचे नाव परिपत्रकानुसार नसल्याने ती उघडण्यात आलेली नाही.