जोसलीन अलोचे १२२ होमरन आणि आपल्या पोरी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शालेय सॉफ्टबॉल संघांत अंगाने भरलेली पोरगी दिसली की तिला चौथ्या नंबरवर टाकायचं, "हाण जोरात" म्हणायचं, आणि बाकीच्यांनी बंट (बॅट न फिरवता चेंडू नुसता हळूच टेकवणं) किंवा स्लॅप (पळता पळता जमिनीलगत टोलवणं) करून पळायचं. मैदानाला कुंपण नाही, काळ्या मातीत चेंडू वेडावाकडा उसळतो, म्हणून जमिनीलगतच्या फटक्याला आपल्याकडे धावाही मिळतात. पण यात पॉवर हिटर घडवणं राहूनच जातं, आणि त्याचं मनापासून वाईट वाटतं.

हवाईच्या जोसलीन अलोकडे बघा. ओक्लाहोमा विद्यापीठाकडून २०१८ ला ३० होमरन (चेंडू थेट कुंपणापार धाडणारे फटके), २०१९ ला १६, कोरोनाने अर्ध्यावर थांबलेल्या २०२० ला ८, मग २०२१ आणि २०२२ ला ३४-३४. एकूण १२२. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलमधल्या लॉरेन चेंबरलेनच्या ९५ होमरनच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि पिचर (चेंडू फेकणाऱ्या) तिला खेळण्याजोगा चेंडूच देईनात. वॉकवर वॉक, म्हणजे चार वाईट चेंडू टाकून तिला न खेळताच पहिल्या बेसवर जाऊ द्यायचं. ९६ वा होमरन मार्चमध्ये आला, तोही होनोलुलूत, हवाईच्याच प्रेक्षकांसमोर. त्या हंगामात तिची फलंदाजीची सरासरी ०.५०० च्या वर होती, म्हणजे वॉक वगैरे सोडले तर निम्म्याहून जास्त वेळा ती फटका मारून बेसवर पोचली. नुसत्या ताकदीवर ही सरासरी येत नाही. कोणता चेंडू सोडायचा, हे कळणाऱ्यालाच ती जमते.

पिचिंगचं अंतर ४३ फूट. ताशी १०५ किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यावर साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅट धरलेल्या पोरीपाशी, येतो. त्यामुळे चेंडू सुटेपर्यंत पुढचा पाय टेकलेला हवा. मग आधी कंबर, मागून खांदे, शेवटी हात. कंबर आणि खांदे एकदम फिरले तर जोर तिथेच संपतो. हात आधीच लांबवले तर आतला चेंडू मुठीजवळ लागतो. सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "खालून उचल". मागचा खांदा पडतो, राइज बॉलच्या (वर चढल्यासारख्या येणाऱ्या चेंडूच्या) खालून बॅट जाते आणि इनफिल्डमध्येच सोपा झेल उडतो.

बॅटचंही तसंच. शाळेच्या किटमध्ये एकच जड बॅट, ती चौदा वर्षांखालचीलाही आणि एकोणीसखालचीलाही! पोरीला एका हाताने बॅट बाजूला आडवी धरायला सांगा. २० सेकंदांच्या आत टोक खाली झुकलं तर ती बॅट तिच्यासाठी जड आहे.

एप्रिल-मेमध्ये सराव सकाळीच उरका आणि चेंडूंची पिशवी सावलीत ठेवा. आपल्या उन्हात चेंडूचा गाभा मऊ पडतो, चांगला बसलेला फटकाही आउटफिल्डमध्ये मरतो आणि पोरीला वाटतं आपलंच चुकलं.

आणि रोज फटके सुरू करण्याआधी २० चेंडू बॅट न फिरवता नुसते बघू द्या. चेंडू अर्ध्या वाटेत असतानाच तिने मोठ्याने "हो" (मारण्याजोगा) किंवा "नाही" (सोडण्याजोगा) म्हणायचं. खरं-खोटं प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरने सांगायचं.