फाजील जमिनीचे सोने करण्याची सोपी रीत

चालू डेअरीच्या आवारात आपल्याकडे मोकळी जमीन असेल आणि ती अजून विकली गेली नसेल, तर आपण काळाच्या फार मागे राहिला आहात. मी हे अधिकाराने सांगतो, कारण गेल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक पत्र येऊन पडले. आमच्या आवाराच्या ज्या कोपऱ्यात पूर्वी दुधाचे टँकर वजनकाट्याची वाट पाहत उभे राहत, त्या कोपऱ्यावर आता राहायला आलेल्या मंडळींचे ते पत्र होते. रात्री टँकर मागे घेताना वाजणारा भोंगा कायमचा बंद करावा आणि दूध शक्यतो सकाळी नऊनंतर उतरवून घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. खाली आमच्याच वरिष्ठांचा शेरा होता : ‘तातडीने कार्यवाही करून अहवाल सादर करावा.’ एवढ्या उत्तम रीतीने पार पडलेल्या व्यवहाराचा लाभ इतरांनाही व्हावा, म्हणून ही चार वचने लिहीत आहे.

सर्वप्रथम सल्लागार नेमावा आणि त्याला पाहणीसाठी दुपारीच बोलवावे. सकाळचे टँकर रिकामे होऊन गेलेले असतात, संध्याकाळचे अजून यायचे असतात, आणि आवारात एखादे कुत्रे तेवढे सावलीला पडलेले असते. अशा वेळी काढलेल्या छायाचित्रात निम्मे आवार ओसाड दिसते. जिथे यंत्र उभे नाही ती जमीन फाजील, हे सूत्र एकदा मान्य केले की पुढचे काम रंगपेटीचे आहे. लांब टँकरला वळायला लागणारी जागा हिरवी करावी, अग्निशामक गाडीची वाट पिवळी करावी, आणि धोक्याचा भोंगा वाजल्यावर कामगारांनी जिथे जमायचे ते मैदान ‘प्रस्तावित क्लब हाऊस’ म्हणून निळे करावे.

पाळीवरच्या माणसाला काहीही विचारू नये. त्याला उत्तर येते.

सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाशेजारी एक मोठी रिकामी टाकी हमखास सापडेल. वर्षानुवर्षे ती रिकामीच असते, त्यामुळे हिशेब तपासणाऱ्यांच्या डोळ्यांत ती खुपते. ती पाडून टाकावी. दुधाची बीओडी, म्हणजे ते कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचे माप, लिटरला सुमारे 1 लाख मिलिग्रॅम असते आणि घरगुती सांडपाण्याची साधारण 200 ते 300, असे काही रसायनतज्ज्ञ आपल्याला सांगू पाहतील. एखादा सायलो, म्हणजे दूध साठवायची उंच टाकी, भरून वाहिला किंवा झडप चुकीची उघडली, तर ते दूध थेट प्रकल्पात गेल्यावर तिथले जिवाणू गुदमरतात, प्राणवायू संपतो आणि सगळा परिसर कुजक्या अंड्यांच्या वासाने भरून जातो. म्हणून असे दूध आधी त्या रिकाम्या टाकीत वळवायचे आणि मग थोडे थोडे सोडायचे असते, असेही ते म्हणतील. त्यांचे ऐकून घ्यावे, चहा पाजावा आणि टाकी पाडावी. वास सुटेल तेव्हा तक्रार डेअरीविरुद्ध होणार आहे, आपल्याविरुद्ध नव्हे.

लहान मुलांचे उद्यान कॉम्प्रेसर खोलीच्या समोर घ्यावे. तिथे वारा चांगला असतो. बहुतेक मोठ्या डेअऱ्यांतील थंडावा अमोनियावर चालतो, आणि 300 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 300 भाग, एवढ्या प्रमाणात तो हवेत मिसळला तर जिवाला तत्काळ धोका मानला जातो, हा तपशील माहितीपत्रकात घालून पानाची शोभा घालवू नये. अमोनिया हवेपेक्षा हलका असल्याने वरच्या वर उडून जातो, असे कोणी विचारल्यास ठोकून द्यावे. दाबाखालचा द्रव अमोनिया फुटलेल्या नळीतून बाहेर पडला की थंड तुषारांसह जमिनीलगत सरकत जातो, हे विचारणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते.

जुन्या बॉयलरच्या नळ्यांवरचे ॲस्बेस्टॉस आणि डिझेलच्या टाकीखालची माती यांचा उल्लेख ‘सद्यस्थितीत’, म्हणजे आहे तशी घ्या, या एका शब्दात उरकावा.

आता वेळापत्रकाकडे वळू, कारण रहिवासी आल्यावर आपल्याला पहिली अडचण त्याचीच येणार आहे. दुधाने कार्यालयीन वेळ पाळावी, असा आग्रह धरावा. गायीम्हशी दिवसातून दोनदा दूध देतात आणि त्यांना रविवार नसतो, ही त्यांची शिस्तीची उणीव आहे. दूध सडातून बाहेर येते तेव्हा ते शरीराइतकेच उबदार असते आणि ते लवकरात लवकर 4 अंशांपर्यंत खाली आणावे लागते. पण गारव्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते सुस्तावतात. टँकर म्हणजे फ्रिज नव्हे; त्याच्या भिंती उष्णता थोपवतात, दूध गार करीत नाहीत. म्हणून तो रात्रीचा निघतो, रात्रीचा पोहोचतो, आणि पोहोचल्यावरही लगेच रिकामा होत नाही, कारण आधी नमुना काढून फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), आम्लता, भेसळ आणि प्रतिजैविकांचा अंश तपासावा लागतो. तोवर तो उभा कुठे राहणार? ज्या जागेवर आपण तीन शयनगृहांचे फ्लॅट बांधले, तिथे तो उभा राहत असे! तपासणी झाली की दूध उतरते, 72 अंशांवर 15 सेकंद तापते, पुन्हा गार होते, भरले जाते आणि उजाडण्यापूर्वी गाड्यांत चढते, कारण सकाळी सहाला ते दुकानात नसले तर पहिला फोन पत्रावर सह्या करणाऱ्यांपैकीच कोणीतरी करतो. नऊला टँकर उतरवायचे तर सकाळचे दूध दुपारी प्यावे लागेल, याला त्यांची तयारी आहे का, हे कोणी विचारले? आणि तो भोंगा! तो आमच्या करमणुकीसाठी वाजत नाही. रात्री दोन वाजता, ओल्या फरशीवर, हातात जाड नळी धरून एक माणूस त्या टँकरच्या मागे उभा असतो आणि चालकाला आरशात तो दिसत नाही. जागा होती तेव्हा टँकर वळून सरळ येत असे, मागे घ्यावा लागतच नसे. वरिष्ठहो, जागा तुम्ही विकली, टँकर मागे घ्यायची पाळी तुम्ही आणली आणि आता भोंगाही तुम्हालाच नको.

इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात 2018 पासून एक तत्त्व आहे : आधीपासून चालू असलेल्या उद्योगाचा शेजारी नव्याने येणाऱ्या वस्तीला जाच होणार असेल, तर त्यावरचा उपाय नवे बांधकाम करणाऱ्याने ते पूर्ण होण्याआधीच करायचा. असली भानगड आपल्या करारात शिरू देऊ नये.

पण हे पुरे झाले. डेअरीने जमीन विकूच नये, असे माझे म्हणणे नाही. बाटल्या धुण्याचे बंद पडलेले दालन, पडीक निवासस्थाने, बॉयलर गॅसवर गेल्यापासून रिकामे पडलेले कोळशाचे आवार, ही जमीन खरोखरच मोकळी आहे आणि ती खुशाल विकावी. हद्दीलगत गोदामे, शीतगृह किंवा कार्यालये घ्यावीत. त्यांना रात्री झोपायचे नसते. घरे त्यांच्या पलीकडे घ्यावीत आणि तीसुद्धा रात्रीचा आवाज मोजून, वाऱ्याची दिशा पाहून. उद्या सांडपाण्याचे निकष कडक झाले की नवी टाकी बांधायला जागा लागणारच आहे, ती आजच राखून ठेवावी. हे सगळे कोणत्याही पर्यवेक्षकाने एका तासात सांगितले असते. तुम्ही विचारले नाही, कारण उत्तराने नकाशातले फ्लॅट कमी झाले असते. शेजारी चोवीस तास चालणारी डेअरी आहे, ही एक ओळ विक्रीच्या कागदात घातली नाही, कारण तिने दर उतरला असता. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून ती घरे घेतली, त्यांना तुम्ही फसवले, आणि त्यांचा राग झेलायला आम्हाला पुढे केले. कार्यवाहीचा शेरा मारण्याआधी त्या नकाशावर सही कोणाची आहे, ते एकदा पाहा.