पॅटर्न कमांडने आठ कॅव्हिटी भरत नाहीत

भाचा डिप्लोमा करून भोसरीतल्या एका टूलरूममध्ये (प्लास्टिकच्या पार्टचे साचे, म्हणजे मोल्ड, बनतात तिथे) लागला, त्याला अजून वर्षही झालेलं नाही. परवा त्याने एका कॅड कोर्सच्या जाहिरातीचा मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, 'मामा, नोकरी सोडून हा कोर्स करू का?' मेसेज थोडक्यात असा: कॅड (संगणकावरचं डिझाइन) आलं की तुम्ही मोल्ड डिझायनर. एक कॅव्हिटी (साच्यातली पार्टच्या आकाराची पोकळी) बनवा, पॅटर्न कमांड (तिच्या नकला मांडणारी आज्ञा) द्या, आठ तयार. रनर (वितळलेलं प्लास्टिक कॅव्हिटींपर्यंत नेणाऱ्या वाटा) सारख्या लांबीचे ठेवले की बॅलन्स (सगळ्या कॅव्हिटी एकाच वेळी भरणं) पक्का. श्रिंकेज (थंड होताना पार्टचं आकसणं) सॉफ्टवेअर बघून घेतं. मशीन तेच, माल आठपट. टूलरूममध्ये हात काळे करायची गरज नाही.

आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवरही हाच मजकूर फिरतोय आणि या धंद्यातली माणसं त्याला लाइक देतायत, याचा मला जास्त संताप आला.

आधी श्रिंकेज. सॉफ्टवेअर तुम्ही दिलेल्या आकड्याने मॉडेल मोठं करतं, बस्स. एबीएस प्लास्टिकला साधारण 0.4 ते 0.7 टक्के लागतं, पीपीला (पॉलिप्रॉपिलीन) 1 ते 2.5. म्हणजे 100 मिलिमीटरच्या पार्टवर एकीकडे अर्धा मिलिमीटर, दुसरीकडे दीड-दोन. काचतंतू भरलेलं नायलॉन तर प्रवाहाच्या दिशेने कमी आकसतं आणि आडवं जास्त, म्हणून तिथे एकच आकडा चालत नाही. गेट, म्हणजे माल कॅव्हिटीत शिरतो ते तोंड, कुठे आहे त्यावर प्रवाहाची दिशा ठरते, आणि गेटची जागा माणूस ठरवतो.

'मशीन तेच' हे तर कागदावरच खोटं ठरतं. 12 बाय 8 सेंटिमीटरचं डब्याचं झाकण घ्या. क्षेत्रफळ 96 चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला 0.4 टन धरला तर चार कॅव्हिटींना सुमारे 154 टन क्लॅम्पिंग (साचा मिटून धरणारा जोर) लागतं, आठांना 307, आणि रनरचं वेगळं. 200 टनांच्या मशीनवर चार निघतील. आठ टाकल्या तर मोल्ड उघडून पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर, फ्लॅश (बाहेर आलेली जास्तीची पातळ कड) येणार.

खरं नुकसान करणारा मुद्दा बॅलन्सचा आहे, कारण तो ऐकायला अगदी बरोबर वाटतो. स्प्रूपासून (मशीनमधून माल साच्यात येतो ती मुख्य वाट) प्रत्येक गेटपर्यंत लांबी सारखी, व्यास सारखा, वळणं सारखी, मग सगळ्या कॅव्हिटी एकाच वेळी का भरू नयेत? चार कॅव्हिटींच्या एच आकाराच्या मांडणीत हे बरंचसं खरं आहे, तेवढं मान्य करतो. आठपासून मात्र गाडी बिघडते.

रनरमधून वितळलेला माल जोरात जाताना भिंतीलगतचा थर घर्षणाने तापतो आणि पातळ होतो, मधला गाभा त्यामानाने थंड राहतो. पहिल्या फाट्यावर प्रवाह दुभंगला की हा गरम थर स्प्रूच्या बाजूच्या भिंतीला चिकटून वळतो आणि थंड गाभा समोरच्या भिंतीकडे ढकलला जातो. पुढच्या फाट्यावर गरम माल स्प्रूजवळच्या कॅव्हिटीत शिरतो, थंड माल लांबच्या कॅव्हिटीत. स्क्रीनवर आठही हुबेहूब सारख्या असतात, मशीनवर आतल्या चार आधी भरतात. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या ईरी इथल्या शाखेत प्लास्टिक्स शिकवणाऱ्या जॉन बोमाँट यांनी 1990 च्या दशकात हे मांडलं आणि रनरच्या फाट्यावरच माल फिरवून द्यायची मेल्टफ्लिपर ही पद्धतही काढली. त्याआधी दोष स्टीलच्या मशीनिंगवर किंवा कूलिंगवर ढकलला जायचा. माल कसा वाहील ते संगणकावर दाखवणारं त्या काळचं फ्लो सिम्युलेशनही हे दाखवत नसे, कारण रनरच्या छेदात दोन्ही बाजू सारख्याच धरलेल्या असत. आजचं थ्रीडी सिम्युलेशन दाखवतं, पण रनरला बारीक मेश (हिशेबासाठी पाडलेले छोटे तुकडे) देऊन ते चालवलं तरच. पॅटर्न कमांडला यातलं काहीच ठाऊक नसतं.

ज्याला खात्री करायची असेल त्याने ट्रायलला उभं राहावं. होल्डिंग प्रेशर (कॅव्हिटी भरल्यावर धरून ठेवलेला दाब) बंद करायचं, माल कमी करायचा आणि मुद्दाम शॉर्ट शॉट, म्हणजे अपुरा भरलेला शॉट, काढायचा. आतले चार पार्ट जवळजवळ पूर्ण, बाहेरच्या चारांच्या कडा अर्धवट आणि गोलसर. कॅव्हिटी नंबर बघून एकेक पार्ट काट्यावर ठेवला की वजनातला फरक डोळ्यांसमोर येतो. हे न समजलेला माणूस बाहेरच्या कॅव्हिटी भरायला प्रेशर वाढवतो आणि आतल्यांना फ्लॅश येतो. मग बाहेरचे गेट घासून मोठे करतात. त्या दिवशी काम भागतं, पण स्पीड किंवा दाण्याची लॉट बदलली की गाडं पुन्हा मूळपदावर. गेटची मापं वेगळी झाल्याने ते गोठतातही वेगवेगळ्या वेळी. असा मोल्ड गळ्यात पडलेला लहान कारखानदार कर्ज काढून स्टीलचे पैसे भरतो आणि आठातले चार पार्ट क्रशरमध्ये टाकतो.

पॅटर्न कमांड उपयोगाचीच आहे. मूळ इन्सर्टमध्ये (साच्यात बसवलेला कॅव्हिटीचा तुकडा) रिब (मजबुतीची पट्टी) बदलली की आठही ठिकाणी बदलते, ड्रॉइंगमधल्या चुका टळतात. मोल्ड डिझायनरला कॅड यायलाच हवं. व्हेंट (हवा बाहेर जायची वाट), ड्राफ्ट (पार्ट सुटावा म्हणून भिंतींना दिलेला उतार), स्टील पी20 घ्यायचं की एच13, यांबद्दल मात्र मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

भाच्याला कळवलंय की कॅडचा क्लास संध्याकाळी लाव आणि दिवसा टूलरूममध्येच थांब. कोर्सवाल्याला फोन करून त्याने डिझाइन केलेल्या आठ कॅव्हिटींच्या एका तरी मोल्डची, पहिल्या ट्रायलची कॅव्हिटीनिहाय वजनं माग. ती दिली तर फीबद्दल बोलू.